धावून टाच दुखायला लागली तर

सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेखाली खिळा रुतल्यासारखी कळ येते. भिंत धरत मोरीपर्यंत जायचं, चहा उकळेपर्यंत दुखणं ओसरतं, आणि पेपर वाचून खुर्चीतून उठलं की पुन्हा तीच कळ. तुम्ही धावत असाल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

मी परळला एका मेडिकलमध्ये फार्मासिस्ट आहे, राहतो लालबागला चाळीत. काउंटरमागे रोज नऊ-दहा तास उभं राहायचं काम. २०१६ पासून धावतो. डिसेंबर २०२२ ला उजव्या टाचेने धरलं ते पुढच्या ऑक्टोबरपर्यंत सोडलं नाही. त्या दहा महिन्यांत काय फुकट गेलं आणि कशाने गुण आला, ते सांगतो. शिवाय टाचदुखीसाठी जेल, गोळ्या, सिलिकॉनच्या टाचा घ्यायला येणारी माणसं मी रोज बघतो, त्यांच्याकडूनही बरंच शिकलो. मी डॉक्टर नाही, त्यामुळे डॉक्टरकडे कधी जायलाच हवं तेही लिहितो.

माझं दुखणं कशाने सुरू झालं ते आता स्वच्छ दिसतं. त्या वर्षी दिवाळीत फराळ आणि पाहुण्यांच्या गडबडीत धावणं बंद होतं. जानेवारीची मुंबई मॅरेथॉन तोंडावर आली म्हणून आठवड्याचे २५ किलोमीटर मी तीन आठवड्यांत ४५ वर नेले. त्याच तीन आठवड्यांत पातळ तळव्याचे, टाचेला जवळजवळ सपाट असे नवे बूट घेतले. डिसेंबरमध्ये कळ सुरू झाली. मी दुकानातली वेदनाशामक गोळी घेऊन धावत राहिलो. १० जानेवारीला अंगारकी होती, आदल्या रात्री लालबागहून सिद्धिविनायकापर्यंत नेहमीसारखा अनवाणी चालत गेलो. १५ तारखेला अर्धमॅरेथॉन धावलो. पेडर रोडच्या चढावर पोटरी आवळली आणि शेवटचे काही किलोमीटर टाच न टेकता, चवड्यावर काढले. घरी आल्यावर जिना चढायला बायकोचा हात धरावा लागला.

आधी दुखतंय कुठे ते बोटाने शोधा

खुर्चीत बसा, दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या. एका हाताने पायाची बोटं नडगीकडे ओढा. तळव्यात एक ताठ दोरी अंगठ्याखाली उभी राहिलेली दिसेल, हाताला लागेल. आता दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने त्या दोरीवरून टाचेकडे दाबत जा. टाचेच्या पुढच्या टोकाला, आतल्या बाजूला, एका ठिकाणी दाबलं आणि तोंडातून ‘आई गं’ निघालं, तर दुखणं बहुधा प्लांटर फॅशियाचं आहे.

हा फॅशिया म्हणजे टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत गेलेला जाड, चिवट पट्टा. तळपायाची कमान म्हणजे धनुष्य धरलं, तर ही त्याची दोरी. रात्री झोपेत पाऊल खाली झुकलेलं असतं, दोरी सैल पडते, तशीच आखडून बसते. सकाळी अंगाचा सगळा भार एकदम आला की ती तिच्या मुळाशी, टाचेच्या हाडापाशी ताणली जाते. म्हणून पहिलंच पाऊल सगळ्यात वाईट. पोटरी आखडलेली असेल, किलोमीटर एकदम वाढवले असतील, दिवसभर उभं राहायचं काम असेल, वजन वाढलं असेल, तर त्या मुळावर जास्त ताण येतो. माझ्या बाबतीत पहिल्या तिन्ही गोष्टी होत्या.

प्रत्येक पायदुखी ही नसते, आणि चुकीच्या दुखण्यावर खाली दिलेले व्यायाम केले तर नुकसान होऊ शकतं. टाचेच्या मागे, वर दुखत असेल तर ते अकिलिसचं, म्हणजे पोटरीला टाचेच्या हाडाशी जोडणाऱ्या जाड दोरीचं. चवड्याला तिसऱ्या-चौथ्या बोटांच्या मध्ये झिणझिण्या, बुटात खडा असल्यासारखं वाटणं हे तिथल्या नसेचं असू शकतं. तळव्यात आग, मुंग्या, बधिरपणा असेल तर घोट्यापाशी नस दाबली जात असेल. सगळ्यात जपायचं ते हाडाला गेलेल्या बारीक तड्याला. टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून आवळल्यावर कळ आली, धावताना दुखणं ओसरण्याऐवजी वाढतच गेलं, रात्री पडल्या पडल्याही ठणकलं, सूज आली, तर धावणं त्याच दिवशी बंद करा आणि अस्थिरोगतज्ज्ञ गाठा. वय चाळिशीच्या आत, दोन्ही टाचा दुखतात, सकाळी कंबर अर्धा तास ताठ असते, असं असेल तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असेल तर पायाचं काहीही घरी अंगावर काढू नका.

एक सांगतो, कारण काउंटरवर रोज ऐकतो. टाच दुखली की लोक युरिक अ‍ॅसिडची तपासणी करून येतात. युरिक अ‍ॅसिडचा झटका बहुतेक वेळा अंगठ्याच्या सांध्याला येतो. सांधा लाल होतो, चादरीचा स्पर्शही सहन होत नाही. सकाळच्या पहिल्या पावलाची कळ वेगळी.

दुसरं, ‘हाड वाढलंय’. एका दवाखान्यात माझा एक्स-रे बघून मला हेच सांगितलं आणि आता धावणं विसरा म्हणाले. त्या वाक्याने मी तीन रात्री झोपलो नाही. खरी गोष्ट अशी की टाचेला असा वाढलेल्या हाडाचा काटा अनेकांच्या एक्स-रेत दिसतो आणि त्यांना काडीचंही दुखत नसतं. माझा काटा आजही तिथेच असणार. दुखणं गेलं.

धावण्याचा एक तास आणि उरलेला दिवस

फेब्रुवारीत मी धावणं पूर्ण थांबवलं. तीन आठवडे एक पाऊलही धावलो नाही, फक्त दुकान आणि घर, दुखणं होतं तेवढंच राहिलं. तेव्हा एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी मला एक काम दिलं: रोज सकाळी पहिल्या पावलाला दहापैकी किती दुखलं तो आकडा लिहायचा आणि आदल्या दिवशी काय केलं ते शेजारी. आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं, दुधाचा हिशेब त्यावरच. दुधाच्या आकड्याखाली मी टाचेचा आकडा लिहायला लागलो. सोमवार ६, मंगळवार ७, बुधवार ७. दोन आठवड्यांनी पाहिलं तर रविवार उलटून आलेल्या प्रत्येक सोमवारी आकडा कमी होता. रविवारी दुकान दुपारी बंद होतं. धावत तर मी मुळीच नव्हतो. म्हणजे टाच दुखत होती ती काउंटरमागे उभं राहून आणि घरात फरशीवर अनवाणी फिरून.

आपल्याकडे घरात चपला घालत नाहीत, आणि मुंबईतल्या घरांत खाली कडक लादी. टाच दुखत असताना उठल्यापासून त्या लादीवर अनवाणी पाय टेकवायचा नाही. मी फक्त घरात वापरायला कमानीला आधार देणारी, टाचेला थोडी उंच सँडल घेतली. पलंगाखाली ठेवायचो, पाय खाली सोडला की थेट त्यात. आईला घरात चप्पल आवडत नव्हती, म्हणून देवघर आणि ओट्याजवळची जागा सोडून बाकी सगळीकडे, असं ठरलं. या एकाच गोष्टीने महिन्याभरात माझा सकाळचा आकडा सातावरून पाचावर आला.

दुकानात काउंटरमागे जाड रबरी मॅट टाकली. औषधांचा रिकामा क्रेट उलटा ठेवून त्यावर एकदा हा पाय, एकदा तो. सपाट रबरी स्लीपर बंद केली, बूट घालूनच उभा राहायला लागलो. बसायला मिळालं की बसायचं, पण उठण्याआधी पाऊल वीस वेळा वर-खाली करायचं.

ही शेवटची युक्ती लोकलवाल्यांनी नक्की उचलावी. माझा एक धावणारा मित्र डोंबिवलीहून दादरला येतो. उभ्याने आला की टाच दुखते, आणि नशिबाने घाटकोपरला बसायला जागा मिळाली की दादरला उतरताना पहिलं पाऊल जीवघेणं. आता तो कुर्ला गेलं की बसल्या बसल्या बुटातल्या बुटात बोटं वर ओढतो, घोटा फिरवतो, आणि मगच दाराकडे सरकतो. ऑफिसची पातळ चामडी चप्पल त्याने ड्रॉवरमध्ये ठेवली आहे, प्रवास धावायच्या जुन्या बुटांत.

अनवाणी पायी देवाला जायचा नेम असेल तर टाच बरी होईपर्यंत बूट घालून जा आणि चपलांच्या स्टँडपाशी काढा. मी वर्षभर तसंच केलं.

अंथरुणातला व्यायाम

पाय जमिनीला लागण्याआधी हा करायचा, नंतर करून उपयोग अर्धा. अंथरुणात बसून दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्या, पाचही बोटं हाताने धरून नडगीकडे ओढा, तळव्यातली दोरी ताठ झाली की दुसऱ्या हाताने चाचपून खात्री करा. दहापर्यंत मोजा, सोडा. असं दहा वेळा. दिवसातून तीनदा: उठण्याआधी, दुपारी जेवून उठताना, रात्री. एका वेळी तीन मिनिटंही लागत नाहीत.

पोटरीसाठी भिंतीला हात टेकून, दुखरा पाय मागे, टाच जमिनीला चिकटलेली, गुडघा सरळ, अर्धा मिनिट. मग तसंच गुडघा थोडा वाकवून. पोटरीत दोन मुख्य स्नायू आहेत, त्यातला आतला स्नायू गुडघा वाकवल्याशिवाय नीट ताणला जात नाही.

जिन्यावरचा व्यायाम, ज्याने मी खरा बरा झालो

ताणून आराम पडतो. पण आराम पडून पुन्हा धावायला लागलो की दुखणं परत येत होतं, कारण ती दोरी आणि पोटरी धावण्याचा भार पेलायला तयारच नव्हती. तिला हळूहळू भार द्यावा लागतो. २०१४ साली डेन्मार्कमधल्या संशोधकांनी ४८ रुग्णांवर हे करून पाहिलं होतं. निम्म्यांना ताणायचे व्यायाम, निम्म्यांना जड भाराने टाच उचलायचा व्यायाम. तीन महिन्यांनी भारवाले स्पष्ट पुढे होते. वर्षअखेरीस दोन्ही गट सारखेच झाले, हेही खरं. पण धावणाऱ्याला ते मधले महिने मोलाचे असतात, आणि पोटरी मजबूत होते ती वेगळीच.

आमच्या चाळीचा जिना लाकडी आहे. सगळ्यात खालच्या पायरीवर मी पंचा घट्ट गुंडाळून ठेवायचो, दोन बोटं जाड होईल इतका. कठडा हाताने धरायचा, तोल सांभाळण्यापुरता. दुखऱ्या पायाचा चवडा पायरीच्या कडेवर, बोटं पंच्यावर चढलेली, म्हणजे वर मुडपलेली. टाच हवेत. दुसरा पाय उचललेला. आता मनात तीन मोजत टाच वर, अगदी शेवटपर्यंत. वर दोन मोजेपर्यंत थांबायचं. मग तीन मोजत खाली, पायरीच्या पातळीच्याही खाली. बोटांखालचा पंचा काढू नका. बोटं मुडपलेली असल्यामुळेच फॅशिया ताणाखाली येतो, नाहीतर हा नुसता पोटरीचा व्यायाम होतो.

पहाटे पाण्याच्या वेळी जिन्यावर वर्दळ असते, म्हणून मी रात्री दुकान बंद करून आल्यावर करायचो. एक दिवसाआड. रोज नाही, मधला दिवस त्या पट्ट्याला सावरायला लागतो. सुरुवातीला १२ वेळाचे तीन सेट. बारावी वेळ कशीबशी व्हावी इतका भार हवा. एका पायावर जमत नसेल तर दोन्ही पायांवर करा, मी पहिले दहा दिवस तसंच केलं. दोन आठवड्यांनी पाठीवर सॅक आली, तिच्यात पाच किलो तांदळाची पिशवी, आणि १० वेळाचे चार सेट. महिन्यानंतर दहा किलो, ८ वेळाचे पाच सेट. करताना थोडं दुखतं, चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळचा आकडा वाढला असेल तर वजन कमी करा, व्यायाम सोडू नका.

पहिले पाच आठवडे मला काहीही फरक वाटला नाही. सहाव्या आठवड्यात कालनिर्णयवर पहिल्यांदा ३ लिहिला. ज्यांना मी हे सांगतो त्यातले बरेच जण तिसऱ्या आठवड्यात सोडतात. कृपा करून तीन महिने द्या.

शेक, बर्फ, गोळ्या

पाण्याची बाटली पाऊण भरून फ्रीजरमध्ये ठेवा, काठोकाठ भरली तर फुटते. संध्याकाळी फडक्यावर ठेवून तळव्याखाली पाच-सात मिनिटं फिरवा. दुखणं थोडा वेळ शांत होतं, तेवढंच तिचं काम. आई तापलेल्या विटेवर रुईचं पान ठेवून त्यावर टाच शेकायला सांगायची. शेकाने बरं वाटतं, मी केला. फक्त रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, तो फार घातक असतो, आणि वीट भाजेल इतकी गरम नको. पायाची संवेदना कमी असलेल्या मधुमेहींनी बर्फ आणि शेक दोन्ही टाळा.

गोळ्यांबद्दल माझं कळकळीचं सांगणं आहे, कारण मी त्या विकतो आणि मी ती चूक केली आहे. धावण्याआधी वेदनाशामक गोळी घेऊ नका. मुंबईच्या दमटपणात दोन तासांत अंगातलं किती पाणी जातं ते तुम्हाला ठाऊक आहे. अशा वेळी या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात. शिवाय दुखणं कळत नाही, आणि टाच जे सांगत असते ते आपण ऐकत नाही. रक्तदाब, किडनी किंवा पित्ताचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही नको. वरून चोळायचं जेल त्या मानाने निर्धोक.

सिलिकॉनची टाच घेतलीत तर दोन्ही बुटांत घाला, एकाच बुटात घातली की चाल तिरकी होते. इनसोलसाठी आधी तयार मिळणारे वापरून बघा. मापाने करून घेतलेल्या महागड्यांची गरज बहुतेकांना पडत नाही.

पुन्हा धावताना

नियम एकच पाळा: धावताना दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या सकाळचा आकडा वाढलेला नसावा. वाढला तर पुढची धाव रद्द. त्या काळात सायकल चालवा, पोहा. शिवाजी पार्कचा पालिकेचा तलाव मला फार उपयोगी पडला, दम टिकून राहिला.

सलग अर्धा तास भरभर चालून दुखत नाही असं झालं की सुरू करायचं. एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल, दहा वेळा, एक दिवसाआड. मी जूनमध्ये शिवाजी पार्कला याने सुरुवात केली. एक फेरी किलोमीटरहून थोडी जास्त भरते, आणि कट्टा आहे, दुखलं की बसता येतं. पंधरा दिवसांनी दोन मिनिटं धाव, एक मिनिट चाल. ऑक्टोबरमध्ये सलग पाच किलोमीटर. चढ आणि वेग सगळ्यात शेवटी आणायचे, कारण दोन्हींत पोटरी आणि तळवा फार ओढला जातो. वाळूत अनवाणी धावण्याचा सल्ला अनेकजण देतात. टाच दुखत असताना तो ऐकू नका. मऊ वाळूत टाच खोल जाते आणि तळवा प्रत्येक पावलाला ताणतो. मी एका सकाळी गिरगाव चौपाटीवर वीस मिनिटं धावलो आणि आठवडाभर मागे गेलो.

बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटर टिकतात. वरून नवे दिसले तरी तळव्याचा फोम बसलेला असतो. माझ्यासारख्या आखडलेल्या पोटरीच्या माणसाला टाच चवड्यापेक्षा आठ-दहा मिलिमीटर उंच असलेला बूट मानवतो. पावसाळ्यात दोन जोड आलटून पालटून वापरा. ओल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दोन तासांनी बदला, पंख्याखाली ठेवून एका रात्रीत ते आतून वाळत नाहीत.

डॉक्टर

सहा आठवडे मनापासून करूनही सकाळचा आकडा हलत नसेल तर दाखवा. खासगी परवडत नसेल तर केईएम, सायन, नायर या पालिकेच्या रुग्णालयांत अस्थिरोग आणि फिजिओथेरपी दोन्ही विभाग आहेत. सकाळ मोडते, पण तिथले लोक दिवसाला इतके पाय बघतात की त्यांचा हात नेमका बसतो. पहिल्याच भेटीत स्टिरॉइडचं इंजेक्शन सुचवलं तर थोडं थांबा, शंका विचारा. त्याने काही आठवडे छान वाटतं, पण पट्टा तुटण्याचा आणि टाचेखालची नैसर्गिक गादी झिजण्याचा धोका असतो. ऑपरेशनची वेळ फार थोड्यांवर येते. दहातले आठ-नऊ जण वर्षभरात त्याशिवाय बरे होतात.

माझी टाच मागच्या पावसाळ्यात एकदा पुन्हा कुरकुरली होती. त्याच दिवशी घरातली सँडल पलंगाखाली परत आली, आठवड्याचे किलोमीटर निम्मे केले, आणि जिन्यावर तांदळाची पिशवी घेऊन दिवसाआड उभा राहिलो. कालनिर्णयवर त्या महिन्यात दुधाखाली ४, ४, ३, २ असे आकडे आहेत, आणि विसाव्या तारखेपासून नुसतं दूध.